घडीची सायकल घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती?

उपवनकर

मंडळी, सल्ला हवाय.

मुलगा शिकायला बाहेरगावी गेल्यापासून आमचे शनिवार-रविवार एकदम मोकळे झालेत. मी ५५, सौ. ५२. टीव्हीपुढे बसून एकमेकांची तोंडं बघण्यापेक्षा सायकल चालवावी असं ठरलं (ठरवलं तिने, मी मान डोलावली). शर्यत नाही, घाट नाही, मेडल नाही. सकाळी ठाण्यातल्या उपवनच्या तळ्याकाठी चक्कर, आणि कधीमधी गाडीच्या डिकीत टाकून अलिबाग, नागाव, रेवदंडा. एवढीच हौस.

अडचणी: तिसरा मजला, लिफ्ट आहे पण चिमुकली. पार्किंगमध्ये सायकल ठेवली की आधी घंटी जाते, मग सीट, मग सायकल. गाडी हॅचबॅक. माझी उंची ५ फूट १० इंच, वजन ८८. तिची उंची ४ फूट ११. वजन विचारलं नाही, विचारणारही नाही.

दुकानात तीन प्रकार बघितले. १६ इंची चाकाची छोटी, २० इंची ६-७ गिअरवाली, आणि २६ इंची घडी होणारी 'माउंटन', पुढे-मागे सस्पेन्शनसकट. तिसरी सगळ्यात स्वस्त आणि दिसायला सगळ्यात दणकट. बजेट एकीला २०-२५ हजार. दोन घ्याव्यात की आधी एक, तेही ठरत नाहीये.

टिवल्याबावल्या

घडी घालून कपाटातच जाणार असेल तर बरोबर डांबराच्या गोळ्याही घ्या.

(हलकं घ्या. पळतो.)

चेनस्प्रॉकेट

स्पष्ट लिहितो, राग नसावा. घेऊ नका.

२५ हजारात चांगली हायब्रिड येते, म्हणजे घडी न होणारी, रोजच्या रस्त्याची साधी सायकल. ७०० ची मोठी चाकं, हलकी फ्रेम, खड्ड्यातून निमूट जाते. त्याच पैशात घडीच्या सायकलीत निम्मे पैसे बिजागरी आणि खटक्यांत जातात, उरलेल्यात सायकल. डिकीसाठी म्हणाल तर मागे लावायचा पट्ट्यांचा कॅरिअर मिळतो. सोसायटीत साखळी-कुलूप लावा आणि क्विक रिलीजची (पान्याशिवाय सुटणारी) सीट काढून घरी न्या.

घडीची सायकल घेणारे दहा जण बघितले तर त्यातले नऊ ती कधी घडीच करत नाहीत. मग घेता कशाला?

नीलिमा_प

@चेनस्प्रॉकेट, तो दहावा नग मी. डोंबिवलीत वन-बीएचके, चार माणसं. माझी २० इंची गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे उभी असते आणि आठवड्यातून निदान दोनदा घडी होते. हायब्रिड घेतली असती तर ती दिवाणावर झोपवून आम्ही गॅलरीत झोपलो असतो.

साखळी-कुलपाचं म्हणाल तर आमच्या इमारतीत कुलूप शाबूत आणि पुढचं चाक गायब असाही प्रकार झालाय.

उपवनकर, तुमच्या लहान लिफ्टचं माप घ्या. सरळ हँडलची मोठी सायकल लिफ्टमध्ये मागच्या चाकावर उभी करून न्यावी लागते. एकदोनदा मजा वाटते, मग शेजारचे काका शर्टावर चेनचं ग्रीस घेऊन भांडायला येतात.

पुणेरी_पंप

आता जरा मुद्द्याचं बोलू. दुकानदार सांगत नाहीत (बऱ्याचदा त्यांना माहीत नसतं) म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी तिसरा पर्याय बाद करा. २६ इंची घडीची 'माउंटन' दणकट दिसते, कारण तिच्यात लोखंड भरपूर आहे. वजन १७-१८ किलोच्या घरात. घडी केल्यावरही चाकं २६ इंचीच राहतात, म्हणजे मधून दुमडली तरी जवळजवळ मीटरभर लांबीचं धूड उरतं. हॅचबॅकच्या डिकीत मागची सीट पाडल्याशिवाय जाणार नाही. त्या किमतीतलं मागचं सस्पेन्शन म्हणजे एक स्प्रिंग, पायडल मारताना तुमचीच ताकद खाते. त्यात ओतीव, बिनतारांची मॅग व्हील असतील तर तार ताणून चाक सरळ करायची सोयही नाही, वाकलं की बदला.

१६ इंची: घडी सुरेख लहान होते. रेल्वे, बस, ऑफिसच्या टेबलाखाली ठेवायची तर हीच. पण आपल्या रस्त्यांवर १६ चं चाक खड्ड्यात शिरतं आणि तिथेच मुक्काम करतं. गिअरवाली असेल तर डिरेलरचा (मागे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्राचा) खालचा भाग जमिनीला इतका जवळ येतो की पावसाळ्यात सगळा चिखल तोच गोळा करतो.

उरली २० इंची. तुमच्या वापराला हीच. पण २० इंच म्हटलं की एकच माप नसतं. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात ४०६ किंवा ४५१ असा आकडा असतो, तो रिमचा मिलिमीटरमधला व्यास. दोन्ही '२० इंची'च म्हणून विकतात आणि एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. ४०६ घ्या. लहान मुलांच्या आणि बीएमएक्स सायकलींना तेच माप असतं, त्यामुळे अलिबागच्या बाजारातही टायर-ट्यूब मिळेल. ४५१ पंक्चरली तर ट्यूब कुरिअरने मागवा आणि तोवर समुद्र बघत बसा.

टायर रुंद बघा, १.७५ इंच किंवा थोडा जास्त. लहान चाकात सस्पेन्शनचं काम टायरमधली हवाच करते. टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत हवा ठासू नका, थोडी कमीच ठेवा.

गंगाधरपंत

वाचतो आहे. आमच्या वेळी माप एकच होतं, बावीस की चोवीस. टायरवर काय छापलंय हे बघायला टायरवर काही शिल्लक असायचं नाही.

उपवनकर

@पुणेरी_पंप, फार उपयोगी. एक भाबडा प्रश्न: चाक लहान म्हणजे पाय जास्त मारावे लागणार ना? सौ.ची मुख्य शंका हीच आहे. तिच्या मते तिची २० इंचीवर सर्कस होईल.

पुणेरी_पंप

वहिनींना सांगा, सर्कस होणार नाही. चाक लहान असलं तर पुढची चकती मोठी देतात आणि हिशोब जुळतो.

गणित करून दाखवतो. २० इंची चाक १.७५ च्या टायरसकट एका फेऱ्यात साधारण दीड मीटर जातं. पुढे ५२ दात, मागे १४, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे ३.७ फेरे आणि साडेपाच मीटर अंतर. मागे २८ दातांची चकती टाकली की तेच २.८ मीटर, सौम्य चढाला पुरे. बिनागिअरची स्वस्तातली घेतलीत आणि तिला ४४/१६ असेल तर ४ मीटरच्या आसपास. मिनिटाला ६० फेरे मारलेत तर ताशी १५ किमीच्या आतबाहेर. तळ्याकाठी याहून वेगाने जाल तर मॉर्निंग वॉकवाले शिव्या घालतील.

लहान चाकाचा फरक जाणवतो तो हँडलमध्ये. चटकन वळतं. पहिली काही मिनिटं सायकल डगमगते, एक हात सोडून घाम पुसू नका.

चेनस्प्रॉकेट

गणित बरोबर आहे. पण खड्ड्याचं गणित सांगितलं नाही. लहान चाक खड्ड्याच्या कडेवर जास्त उभ्या कोनात आपटतं, रुंद टायर घातला तरी. वडखळ-अलिबाग रस्ता पावसाळ्यानंतर बघितलाय का कोणी?

पुणेरी_पंप

तो रस्ता ते गाडीने पार करणार आहेत, साहेब. डिकी म्हणालेत.

भाऊ_रेवदंडा

वडखळचा रस्ता आम्ही रोज बघतो, तुम्ही नका काळजी करू. :)

आमच्याकडे येताय तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अलिबागहून अक्षी, नागाव, चौल करत रेवदंड्याला या, १७-१८ किमी भरेल. मुख्य रस्त्याला शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या असतात, म्हणून सकाळी आठच्या आत निघा आणि जमेल तिथे वाडीतल्या आतल्या रस्त्याने घुसा. नारळी-पोफळीच्या सावलीतून सपाट रस्ता, घडीच्या सायकलीला त्रास नाही.

दुसरं महत्त्वाचं. ओहोटीला किनारा टणक असतो, सगळ्यांना पुळणीवर सायकल घालायचा मोह होतो. फोटो छान येतात. पण खारं पाणी आणि रेती चेनमध्ये गेली की महिन्याभरात गंज. साध्या सायकलीत चेन बदलून भागतं. घडीच्या सायकलीत बिजागरीची खीळ, खटका, हँडलचा सांधा, सीटचा दांडा, सगळीकडे मीठ बसतं. फिरून आलात की गोड्या पाण्याने धुवायची, फडक्याने कोरडी करायची, चेनला तेल. प्रेशरचा फवारा मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं.

मुंबईवाल्यांसाठी: गाडी नको असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) आहे २०२० पासून, तासाभराचा प्रवास. मांडवा ते अलिबाग २० किमीच्या आसपास, वाटेत सासवणे, किहीम. गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात.

नीलिमा_प

भाऊ, पुळणीवर न्यायची नाही हे वाचून निम्मी हौस गेली.

भाऊ_रेवदंडा

न्या हो. हातात धरून चाला.

मीरा_सिंगापूर

इथे घडीच्या सायकली पैशाला पासरी आहेत, म्हणून थोडं अनुभवाचं. सिंगापूरला एमआरटीत (इथली मेट्रो) आणि बसमध्ये घडी केलेली सायकल दिवसभर कधीही नेता येते, फक्त १२० बाय ७० बाय ४० सेंटिमीटरच्या आत बसली पाहिजे. त्यामुळे इथे दुकानात गेलं की विक्रेता आधी घडीचं माप सांगतो, मग गिअर. २० इंची बहुतेक त्यात बसतात. घडी करून झाली की ढकलत नेता येते का, हे मात्र नक्की बघा. १२-१३ किलोचं ओझं उचलून स्टेशनाचा प्लॅटफॉर्म पार करणं आणि ते चाकांवर लोटत नेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. काही सायकली घडी झाल्यावर सीटला धरून ढकलता येतात, काही निव्वळ गाठोडं होतात.

आमचा रविवार म्हणजे ईस्ट कोस्ट पार्क, नाहीतर चांगी पॉइंटहून लहान बोटीने पुलाव उबिन बेटावर. तिथे मातीचे रस्ते आहेत, मी २० इंची १.७५ वरच जाते. सासूबाई (वय ६४, उंची माझ्याहून कमी) तीच सायकल चालवतात, सीट आणि हँडल खाली केलं की झालं. उपवनकरांनी एकच घेऊन दोघांनी वाटून चालवायचा विचार केला तर उंचीमुळे अडणार नाही. मात्र हँडलचा दांडा खालीवर होणारा बघा, काहींत तो पक्का असतो.

लंडनस्थ

घडीची सायकल आणि ब्रॉम्प्टनचं नाव अजून आलं नाही? आश्चर्य.

अँड्र्यू रिची नावाच्या माणसाने १९७५ च्या सुमारास साऊथ केन्सिंग्टनच्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून ही बनवायला घेतली. खिडकीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसायचं, तेच नाव दिलं. अजूनही लंडनमध्येच बनते. मागचं चाक खाली दुमडतं आणि सायकल स्वतःच्या पायावर उभी राहते, चेन आत, हात स्वच्छ. माझी ट्यूबमध्ये (इथली भुयारी रेल्वे) दोन पायांच्या मधे बसते. घडी करायला २० सेकंद.

चेनस्प्रॉकेट

आणि भारतात किंमत लाखाच्या वर. उपवनकर २५ हजार म्हणालेत, एका चाकाची चौकशी करतायत का?

शिवाय त्या चाकाचं माप ३४९. वर पुणेरी_पंप यांनी सांगितलेलं टायरचं दुखणं इथे दुप्पट.

लंडनस्थ

किंमत मान्य. पण घडी म्हणजे काय असते ते समजायला एकदा बघावी. बाकीच्या सायकली वाकतात, ही मिटते.

टिवल्याबावल्या

लाखाच्या सायकलीला सोसायटीत कुलूप लावायचं की सुरक्षारक्षक?

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. माझं मत चेनस्प्रॉकेट यांच्या बाजूने थोडं झुकतं. इथे जुन्या गोव्याहून फेरीत बसून दिवाडी बेटावर जायचं, पिएदाद गावात फिरायचं, खाजनाच्या (खाडीकाठच्या बांधबंदिस्तीतल्या) शेतांमधून रस्ता, वर टेकडीवरच्या इगर्जीपर्यंत (चर्चपर्यंत) चढ. सुंदर. पण फेरीत सायकल उभीच चढते, घडी करायची गरजच पडत नाही. चोडणचंही तेच, रायबंदरहून फेरी.

त्यामुळे इथले लोक साधीच वापरतात. घडीची घेऊन येणारे बहुतेक मुंबई-पुण्याचे पाहुणे, गाडीच्या डिकीतून काढतात. त्यांना मात्र ती सोयीची पडते हे बघितलंय.

टेकडीच्या चढावर एकगिअरवाल्या सगळ्या उतरून चालतात. गिअर घ्या.

नीलिमा_प

मेट्रोचा विषय निघालाच आहे तर, मुंबईत मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गांवरच्या डब्यात सायकल अडकवायची सोय आहे. पुणे आणि नागपूर मेट्रोतही सायकल नेता येते. लोकलचं मात्र वेगळं. मी रविवारी सकाळी लगेजच्या डब्यातून नेते, जुन्या चादरीची शिवलेली पिशवी घालून. पिशवीत असली की कोणी विचारत नाही, उघडी असली की प्रत्येकजण 'कितीला घेतली' विचारतो. सोमवारी सकाळी डोंबिवलीहून नेऊन दाखवा, माझ्याकडून वडापाव.

गंगाधरपंत

नीलिमाताई, सोमवारी सकाळी डोंबिवलीहून स्वतःला नेता आलं तरी पुष्कळ.

विषय निघाला म्हणून. आमच्या मिरजेला भाड्याच्या सायकलीचं दुकान होतं. तासाच्या हिशोबाने मिळायची, नाव वहीत, ओळखीचा मोठा माणूस जामीन. पाय पुरायचे नाहीत म्हणून दांड्याखालून पाय घालून कैची मारत शिकलो. डबलसीट पकडलं की हवालदार वॉल्व्ह काढून घ्यायचा, म्हणजे हवा गेली आणि दंडही. रात्री डायनॅमो चाकाला टेकवला की सायकल जड व्हायची, दिवा लावायचा की घरी लवकर पोचायचं यातलं एकच जमायचं.

आता नातू म्हणतो आजोबा इलेक्ट्रिक घ्या.

चेनस्प्रॉकेट

पंत, डायनॅमोचं अगदी खरं. आम्ही पोलीस दिसला की टेकवायचो.

टिवल्याबावल्या

इलेक्ट्रिकचा विषय आलाच. उपवनकरांनी इलेक्ट्रिक घडीची घ्यावी. चढावर सौ. पुढे, हे मागे.

डॉ_शशांक

इलेक्ट्रिकबद्दल दोन ओळी, कारण पेशंटही विचारतात. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किमीची मर्यादा असेल तर नोंदणी, लायसन्स लागत नाही. पण बॅटरी-मोटर धरून वजन विशीच्या पुढे जातं. पन्नाशीनंतर वाकून २० किलोची वस्तू डिकीच्या कडेवरून आत घालणं हे कंबरेचं सगळ्यात नावडतं काम. गुडघ्यासाठी इलेक्ट्रिक घ्याल आणि कंबर घेऊन माझ्याकडे याल.

तेच साध्या घडीच्या सायकलीलाही थोडं लागू आहे. उपवनकर, सायकल दोघं चालवणार, पण उचलणार कोण? वहिनींना एकटीने डिकीत ठेवता येते का, हे दुकानातच करून बघा. नाहीतर तुम्ही गावाला गेलात की सायकल गॅलरीत अडकते.

गुडघ्यांसाठी सीटची उंची: सीटवर बसून टाच पायडलवर, पायडल सगळ्यात खाली, पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. घडीच्या सायकलीत सीट दर वेळी खाली जाते, त्यामुळे दर वेळी अंदाजाने वर काढतात आणि ती बहुधा खालीच राहते. दांड्यावर दोघांच्या उंचीच्या दोन खुणा करा, रंगीत चिकटपट्टी पुरे. ८८ किलोला कंपनीने दिलेली वजनमर्यादाही वाचा. बऱ्याच सायकलींवर १०० किलोच्या आसपास असते, पाठीवरची सॅक त्यातच धरायची.

उपवनकर

डॉक्टर, 'उचलणार कोण' हा प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला. घरात शांतता आहे.

बिजागरीबद्दल कोणी लिहील का? मध्येच उघडली तर, ही भीती मला आहे. तिला नाही.

पुणेरी_पंप

योग्य भीती आहे. फ्रेमचा सांधा आणि हँडलचा सांधा, दोन्ही तपासायचे. खटका लावताना शेवटच्या टप्प्यात तळहाताचा जोर लागला पाहिजे. बोटाने सहज बंद होत असेल तर ढिला आहे. आतला नट पान्याने पाव फेरा आवळा, परत बघा. बहुतेक खटक्यांना वर आणखी एक लहान अडसर असतो, तो बसला की नाही हे डोळ्याने बघायचं, नुसत्या आवाजावर जायचं नाही.

मग उभं राहून पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या सांध्यात कट-कट झाली तर दुकानदाराला तिथेच सांगा. घरी आल्यावर ऐकू आली तर तो म्हणणार, तुम्ही आपटली.

सीटच्या दांड्यावर किमान खोलीची रेघ असते. ती बाहेर दिसली म्हणजे दांडा जास्त वर आलाय, वाकेल किंवा फ्रेम चिरेल. ५ फूट १० साठी आधी हेच बघा. दांड्याला ग्रीस लावू नका, फडक्याने पुसा, नाहीतर ८८ किलो हळूहळू खाली येतात.

आणि हो, जुनी घ्यायचा विचार करा. लॉकडाऊनमध्ये घेतलेल्या कितीतरी सायकली अजून गॅलरीत आहेत. बिजागरीच्या जोडाजवळ रंगाला केसासारखी चीर दिसली तर मात्र हात जोडून बाहेर या, किंमत कितीही कमी असू दे.

लंडनस्थ

सीटच्या दांड्याच्या मुद्द्याला +१. माझ्या एका उंच मित्राने लांब दांडा वेगळा घेतला, मिळतो.

जाता जाता: दुसऱ्या महायुद्धात बीएसए या ब्रिटिश कंपनीने छत्रीधारी सैनिकांसाठी घडीची सायकल बनवली होती, विमानातून सायकलसकट उडी. तेव्हा डिकीत टाकणं त्या मानाने सोपं आहे.

चेनस्प्रॉकेट

त्यांना बजेट नव्हतं, आदेश होता.

उपवनकर

अहवाल देतो.

शनिवारी गाडी दुकानापाशीच लावली. २० इंची, ७ गिअर, ४०६, टायर १.७५, वजन दुकानातल्या काट्यावर साडेबारा. सौ.ने आधी घडी करायला शिकून घेतलं, मग चालवली. पहिल्या वळणाला डगमगली, दुसऱ्या फेरीत रिक्षावाल्याला हात दाखवून पुढे गेली. मी सीट वर काढली तर किमान रेघ आत राहिली, जेमतेम. डॉक्टरांची टाचेची परीक्षा पास.

मग डिकी. एक सायकल उभी आत गेली, झाकण लागलं, पण मग सामानाला जागा नाही. दुसरी आणून बघितली. मागची सीट पाडल्याशिवाय अजिबात नाही. सीट पाडली की दोन्ही बसतात, पण मुलगा सुट्टीत आला तर त्याला ठाण्यातच ठेवावं लागेल.

उचलायची परीक्षा: तिने उचलून ठेवली. मी ठेवताना फटीत बोट आलं.

बिजागरी तपासली. पहिल्या नगात खटका बोटाने लागत होता, दुकानदार म्हणाला 'नवीन आहे, बसेल'. दुसरा नग मागितला, तो घट्ट निघाला. आत्ता एकच घेतलीय. तळ्याकाठी आळीपाळीने. ती चालवते तेव्हा मी बाकावर बसून चहा पितो, या व्यवस्थेला माझी हरकत नाही. दुसरीसाठी चेनस्प्रॉकेट म्हणतात तशी हायब्रिड घेऊन मागच्या कॅरिअरवर लावावी का, हा विचार डोक्यात आहे. माझ्या उंचीला ती जास्त बरी वाटली, खरं सांगायचं तर.

चेनस्प्रॉकेट

बघा! निम्मा विजय मान्य. कॅरिअर घेताना नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जात नाहीत ना ते बघा, नाहीतर पोलीस बाजूला घेतात. आणि पट्टे दर २०-३० किमीला थांबून आवळायचे.

नीलिमा_प

निम्मा विजय कसला, वहिनींनी घडीचीच घेतली. लिफ्टचं काय झालं ते सांगितलं नाहीत.

उपवनकर

लिफ्टमध्ये सायकल, सौ. आणि शेजारचे काका तिघं मावले. मी जिन्याने.

भाऊ_रेवदंडा

अलिबागला याल तेव्हा कळवा, नागावातून आतला रस्ता कुठे फुटतो ते नकाशावर सापडत नाही, मी सांगतो. येताना हातपंप आणा. इथल्या पेट्रोल पंपावर हवा मारणारा पोरगा गाडीच्या हिशोबाने मारतो, लहान ट्यूब फुटते.

गंगाधरपंत

पंपाला वॉल्व्ह कुठला लागतो हल्ली? नातवाच्या सायकलीला बारीक तोंडाचा आहे, आमचा पंप बसत नाही.

पुणेरी_पंप

पंत, बारीक तोंडाचा तो प्रेस्टा. वरची टोपी काढून टोकाचा बारीक नट दोन फेरे सैल करायचा, मग हवा जाते. पितळी अडॅप्टर मिळतो, तो फिरवून बसवलात की पेट्रोल पंपावरही चालेल, पण भाऊंनी सांगितलंय ते लक्षात ठेवून हळू मारायला सांगा. घडीच्या २० इंचीला बहुधा मोटरसायकलसारखाच जाड वॉल्व्ह असतो, तुमचा पंप कुठला आहे? जुना लाकडी मुठीचा असेल तर त्याची नळी बदलावी लागेल.